जेकब अ‍ॅपल यांचं ‘हू सेज यू आर डेड?’: गटाने वाचायचं पुस्तक

मुलीला वडिलांना मूत्रपिंड द्यायचं आहे. जुळणीसाठी तपासण्या होतात आणि त्यातून कळतं, की ती त्यांची जैविक मुलगी नाही. डॉक्टरांनी हे कोणाला सांगायचं? वडिलांना, मुलीला, की कोणालाच नाही? अ‍ॅपल प्रसंग इथेच थांबवतात. पुढे दीड-दोन पानांत कायदा काय म्हणतो, आधी काय घडलंय, कोणत्या बाजूने काय बोलता येतं, एवढंच येतं. निकाल देत नाहीत. असे सुमारे ऐंशी प्रसंग या इंग्रजी पुस्तकात आहेत (प्रकाशक अल्गोंक्विन, 2019).

अ‍ॅपल न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवतात. कायद्याची पदवी हार्वर्डची, वैद्यकीय कोलंबियाची. आणि या सगळ्यासोबत कथा-कादंबऱ्या. ‘द मॅन हू वुडन्ट स्टँड अप’ला 2012 चं डंडी आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. वकील आणि डॉक्टर या पुस्तकात दिसतातच, पण खरं काम केलंय कथाकाराने. निर्णय घ्यावाच लागेल अशा जागी वाचकाला नेऊन उभं करणं पाठ्यपुस्तकांना सहसा जमत नाही.

वाचण्याची पद्धत महत्त्वाची. प्रसंग मोठ्याने वाचा, पुस्तक मिटा, प्रत्येकाने आपला निर्णय दोन ओळींत लिहून काढा, मगच पुढचं विवेचन उघडा. हा क्रम उलटला की चर्चा संपलीच, कारण सगळे अ‍ॅपल यांच्याच शब्दांत बोलू लागतात. एका बैठकीला दोन-तीन प्रसंग पुरे. सलग वाचलं तर दहाव्या प्रसंगानंतर सगळे एकसारखे वाटू लागतात.

आपल्याकडच्या वाचकाला मोठी अडचण आहे ती कायद्याची. विवेचन बहुतेक अमेरिकी आहे, त्यामुळे गट चालवणाऱ्याने भारतीय बाजू आधी काढून ठेवावी. मूत्रपिंडाचंच घ्या. आपल्याकडे जवळच्या नात्यातल्या दानासाठी नातं कागदपत्रांनी दाखवावं लागतं; त्यातून ठाम सिद्ध झालं नाही तर नियमांत जनुकीय चाचणीची तरतूद आहे. आणि दाता ‘जवळचा नातेवाईक’ नसेल तर प्रकरण अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीकडे जातं. म्हणजे अमेरिकेत जो गोपनीयतेचा प्रश्न आहे, तो इथे शस्त्रक्रिया होणार की नाही इथपर्यंत पोहोचू शकतो.

शीर्षकातल्या, म्हणजे ‘तुम्ही मेलात असं कोण म्हणतं?’ या प्रश्नाचंही तसंच. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मस्तिष्कस्तंभ मृत्यू (ब्रेन-स्टेम डेथ, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबणं) चार डॉक्टरांचं मंडळ प्रमाणित करतं आणि चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. पण जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली मृत्यूची व्याख्या वेगळी आहे: जिवंतपणाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं. मग नातेवाइकांनी अवयवदानाला नकार दिला तर व्हेंटिलेटरवरचा तो माणूस कायद्याने कोण? या एका प्रश्नावर अख्खी बैठक जाते, आणि जायलाच हवी.

उपचार थांबवण्याच्या प्रसंगांसोबत मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षं अचेतन अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल, वैद्यकीय इच्छापत्राला (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्यता देणारा 2018 चा घटनापीठाचा निकाल आणि त्यात जानेवारी 2023 मध्ये झालेला बदल ठेवा. आता वैद्यकीय इच्छापत्रावर दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची.

विवेचनं आखूड आहेत, ही तक्रार खरी आहे. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती अपुरी पडतील. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, परिचारिकांना, रुग्णालयाच्या नीतिसमितीवर नव्याने आलेल्या सामान्य सदस्यांना मात्र यासारखं दुसरं पुस्तक सुचवणं अवघड आहे.

अ‍ॅपल यांची ‘मिलार्ड सॉल्टर्स लास्ट डे’ (2017) ही कादंबरी जरूर वाचा, पण यानंतर. पंचाहत्तरीच्या वाढदिवशीच आयुष्य संपवायचं ठरवलेल्या मनोविकारतज्ज्ञाची ती गोष्ट आहे. सॉल्टर इतका आपलासा होतो, की ती आधी वाचली तर इच्छामरणाच्या प्रसंगांवर गट तटस्थ राहत नाही.