द्रुतगती की समृद्धी?

द्रुतगती आणि समृद्धी, दोन्ही रस्ते महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे, दोन्हींवर दुचाकीला बंदी. पण स्वभाव अगदी वेगळे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जेमतेम ९४.५ किलोमीटर, २००२ पासून पूर्ण सुरू. त्याचा बोरघाट चालकाला डुलकी घेऊच देत नाही: वळणं, उतार, रांगत चढणारे ट्रक आणि शनिवार-रविवारची कोंडी (तिची तर सवयच झालीय). नागपूर ते आमणे (ठाणे जिल्ह्यात, भिवंडीजवळ) समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. सपाटीवर कारला १२० चा वेग, टोल अंतरानुसार. धोका इथे उलटा. सरळ, मोकळा, एकसुरी रस्ता डोळे जड करतो. आणि उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर झिजलेले टायर? नकोच. रात्री एकट्याने गाडी हाकायची तर मला घाटच परवडतो.