6 फूट 2 इंच उंचीला टू-स्ट्रोक डर्ट बाईक : आरएक्स 135 वर नऊ महिने

माझी उंची 6 फूट 2 इंच, वजन 84 किलो, आणि दीड वर्ष मी एकच गाडी शोधून राहिलो होतो. कमी सीसीची, टू-स्ट्रोक, मातीत चालवायची, आणि जिच्यावर वळताना माझे गुडघे हॅन्डलला लागणार नाहीत अशी. नागपुरात ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं की उंच आहेस ना, मग उंच सीटची गाडी घे. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याच्यामुळे माझे पैसेही गेले आणि वेळही गेला, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधी टू-स्ट्रोकच काऊन ते सांगतो. आमच्या एका मित्राचं शेत काटोल रोडला आहे, संत्र्याची बाग, बागेच्या मागे पडीक माळ, मुरूम, मग नाला, नाल्याच्या पलीकडे चढ. तिथे आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी जातो. नाल्यातून वर चढताना गाडी पडतेच, आणि पडलेली गाडी एकट्याने उचलायची तर 100 किलो आणि 160 किलो यातला फरक कंबरेला विचारा. हिरो एक्सपल्सची 4व्ही प्रो चांगली गाडी आहे, उंच माणसाला तर फारच चांगली, 891 मिलीमीटर सीट, पुढे 250 आणि मागे 220 मिलीमीटर ट्रॅव्हल म्हणजे सस्पेन्शनची खालीवर हालचाल, रस्त्यावर पासिंग असलेली, आणि टू-स्ट्रोकचा हट्ट नसेल तर डोळे मिटून तीच घ्या. पण ती 160 किलोच्या आसपास जाते. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये वाल्व नाही, कॅम नाही, दर फेऱ्याला एक पॉवर स्ट्रोक, हेड आणि सिलेंडर काढून पिस्टन-रिंग बदलायचं काम घरी अंगणात एका दुपारी होतं. मला ते स्वतः करायचं होतं.

आता नवीन काय मिळतं. कावासाकीची केएक्स 65 आणि केएक्स 112, आणि केटीएमने नोव्हेंबर 2024 मध्ये आणलेल्या यादीतल्या टू-स्ट्रोक म्हणजे 50, 65 आणि 85 एसएक्स. या सगळ्या ट्रॅकवरच्या गाड्या, पासिंग होत नाही, आणि पैसेही भरपूर, 85 एसएक्स तर साडेसहा लाखांच्या वर होती. उंच माणसाची खरी टू-स्ट्रोक म्हणजे यामाहाची वायझेड 125 नाहीतर केटीएमची 125 एसएक्स, पुढे 21 इंची चाक, मागे 19, वायझेडची सीट 980 मिलीमीटरच्या घरात. पण त्या इथे कंपनी विकत नाही आणि बाहेरून मागवायच्या तर ड्युटी भरता भरता आपणच आडवे होऊ.

राहिली केएक्स 112. कागदावर बघाल तर 870 मिलीमीटर सीट, वॉटर कूल, सहा गिअर, पॉवर वाल्व (एक्झॉस्टची वाट लहान-मोठी करणारा), वाटतं हीच आपली गाडी. पुण्याच्या एका मित्राच्या ओळखीने तिच्यावर बसायला मिळालं. इंजिन इतकं सुंदर आहे की सांगता येत नाही, मधल्या आरपीएमला जी ओढ लागते ती अंगावर काटा आणते. पण ती गाडी 85 सीसीवरून मोठ्या गाडीकडे जाणाऱ्या पोरासोरांसाठी बनवलेली आहे, पुढे 19 आणि मागे 16 इंची चाक, आणि त्या मापाने सगळं जवळजवळ आहे. सीट उंच आहे, बाकी काही लांब नाही. बसलो तेव्हा ठीक वाटलं, फुटरेस्टवर उभा राहिलो तर हॅन्डल मांडीच्या वरच्या भागाशी आलं आणि मला कंबरेतून वाकावं लागलं. तसं वाकून वीस मिनिटं चालवलं की पाठ आणि मनगटं दोन्ही बोलायला लागतात. गाडीचा दोष नाही, ती माझ्यासाठी नाहीच.

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रस्त्यावर सीटची उंची महत्त्वाची कारण आपण बसून असतो आणि पाय टेकवायचे असतात. मातीत अर्धा वेळ आपण उभे असतो, तेव्हा सीटचा संबंधच येत नाही. बघायचं काय तर सीट, फुटरेस्ट आणि हॅन्डल या तीन ठिकाणांमधलं अंतर. कुठलीही गाडी घ्यायच्या आधी एवढं करा. एकाला गाडी सरळ धरून उभी ठेवायला सांगा, तुमचे नेहमीचे बूट घाला, फुटरेस्टवर उभे राहा, गुडघे थोडे वाकवा, नजर समोर, आणि मग हात सोडून हॅन्डलवर आणा. हात जिथे सहज येतात तिथे हॅन्डल असेल, कोपरं थोडी बाहेर राहत असतील, तर बरोबर. हनुवटी स्पीडोमीटरच्या पुढे जात असेल तर हॅन्डल खाली आहे. नंतर बसा आणि हॅन्डल दोन्हीकडे पूर्ण वळवा, गुडघ्याला लागतं का बघा. मग बसल्याचं उभे राहा, पाच-सहा वेळा. सीट आणि फुटरेस्ट यातलं अंतर कमी असेल तर हे उठणं-बसणं म्हणजे पाटावरून उठल्यासारखं होतं, मांड्या भरून येतात. माझ्या मापाला हे अंतर 20 इंच लागतं, त्याच्या खाली गेलं की उजव्या गुडघ्यात कळ येते.

शेवटी मी घेतली जुनी यामाहा आरएक्स 135, पाच गिअरवाली. 132 सीसी, एअर कूल, दोन्ही चाकं 18 इंची, वजन शंभरीच्या जरा वर. आरएक्स 100 मिळाली असती पण तिचे भाव बाप्पा विचारूच नका, ज्याच्याकडे आहे तो देवघरात ठेवल्यासारखी ठेवतो. 135 मला 85 हजाराला पडली, इंजिन बंद, कागद बरोबर.

पहिल्या वर्कशॉपने माझं नुकसान केलं. नाव लिहित नाही, पण तिथे "रेडी डर्ट बाईक करून देतो" म्हणाले आणि उंच माणसासाठी म्हणून फक्त मागचे लांब शॉकअप टाकले आणि सीटवर चार इंच फोम चढवला. मागून उचललेली गाडी पुढे झुकते, हॅन्डल एकदम हलकं होतं, मुरमावर पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. वरून मागच्या फ्रेमला वेल्डिंग केलं ते तिरपं, चेन लाईनमध्ये नाही, दोन रविवारात स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खाल्ले. 18 हजार गेले. पैसे द्यायच्या आधी मागून बसून चेन डोळ्याने सरळ बघा, स्प्रॉकेट ते स्प्रॉकेट, मला ते तेव्हा सुचलं नाही.

मग सक्करदऱ्याच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री मिळाले, चाळीस वर्षं टू-स्ट्रोकच खोलतात. त्यांनी गाडीकडे बघितलं नाही, आधी मला बघितलं. म्हणाले, "भाऊ, सीट किती उंच पाहिजे ते नंतर सांगा, पाय कुठे ठेवाल ते आधी सांगा." मला गाडीवर उभं केलं, खडूने फ्रेमवर खूण केली, टेप लावला आणि वहीत आकडे लिहिले. सव्वा तास माझंच माप चाललं होतं, शिंप्याकडे गेल्यासारखं.

फुटरेस्ट खाली घ्यायचा सोपा मार्ग त्यांनी लगेच नाही म्हटला. आरएक्स मुळात रस्त्याची गाडी, पोटाखाली जेमतेम 135 मिलीमीटर जागा, फुटरेस्ट अजून खाली नेले तर प्रत्येक दगडाला लागतील. म्हणून आधी गाडी उचलायची, पुढून आणि मागून सारखी, मग फुटरेस्ट 15 मिलीमीटर खाली आणि तेवढेच मागे. पुढे एक्सपल्सचा फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, आणि 21 इंची चाक बसवलं, ते डिस्कसकट आलं. टी-स्टेम, म्हणजे फोर्क फ्रेमला जोडणारा दांडा, लेथवर करून घ्यावा लागला, लांबी जुळत नाही. फोर्क वरच्या टीमधून 25 मिलीमीटर वर सरकवला म्हणजे नाक फार वर जाणार नाही. मागे एक इंच लांब शॉकअप, स्प्रिंग माझ्या वजनाला कडक. सीटला फक्त दीड इंच फोम, पण पूर्ण सपाट, कारण खोलगट सीटवर उंच माणूस एकाच जागी अडकतो, मागे सरकता येत नाही. हॅन्डल वर घ्यायला त्याच्याखाली 35 मिलीमीटरचे रायझर, त्यासाठी क्लच आणि एक्सलेटर केबल लांब करून घेतल्या. मागून उचलल्यावर चेन स्विंगआर्मला (मागचं चाक धरणारा दांडा) घासायला लागली तर नायलॉनचा रोलर लावला, आणि साईड स्टॅन्ड आखूड पडला म्हणून त्याला तीन इंच जोडून दिलं. या स्टॅन्डचा विचार कोणीच करत नाही आणि पहिल्याच दिवशी गाडी टाकीवर पडते. पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी.

सगळं मिळून 1 लाख 60 हजाराच्या आसपास बसलं, त्यात पहिल्या वर्कशॉपचे वाया गेलेले धरलेत.

नोव्हेंबर ते जुलै चालवली. उभं राहून चालवताना आता मला गाडी जाणवतच नाही, हात पडतात तिथे हॅन्डल आहे, नाल्याच्या चढावर वजन पुढे घेता येतं, उतरावर मागे. दोन-दोन तास चालवतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला सरळ चालत जातो.

इंजिनला मात्र नागपूरची हवा समजून घ्यावी लागते. डिसेंबरच्या एका सकाळी चांगलीच थंडी होती, हवा घट्ट, मिश्रण लीन झालं म्हणजे पेट्रोल कमी पडलं, लांब सरळ पट्ट्यावर फुल एक्सलेटर दिला आणि पिस्टनने पकडलं, म्हणजे सिलेंडरमध्ये जाम झाला. मागचं चाक लॉक. क्लच दाबायला वेळ मिळाला म्हणून वाचलो. चूक माझी, ऑक्टोबरच्या उकाड्यात लावलेला कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) तसाच ठेवला होता. तेव्हापासून डावी दोन बोटं कायम क्लचवर, थंडीत मेन जेट दोन नंबर मोठा, आणि दर वेळी प्लग काढून बघतो, विटकरी रंग म्हणजे ठीक, पांढरा दिसला की तिथेच थांबायचं. मे महिन्यात उलटं, 45 डिग्रीला हवा पातळ, गाडी रिच होऊन, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन, फडफडते, आणि एअर कूल इंजिन हळू चालवलं की तापतं, म्हणून सकाळी सहाला सुरू आणि नऊला बंद. ऑइल पंप काढून टाकला, आता पेट्रोलमध्येच मिसळतो, 32 ला 1, म्हणजे 5 लिटरला 156 मिली. लांब उतारावर एक्सलेटर बंद ठेवून उतरू नका, पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही, अधूनमधून एक झटका देत राहायचा. आणि इथेनॉलचं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये आठवडाभर ठेवू नका, पाणी ओढतं, घरी आलो की कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडू देतो.

जुलैमध्ये काळी माती. ज्याने विदर्भातली काळी माती पावसात पाहिली आहे त्याला सांगायला नको, टायरला अशी चिकटते की चाक दुप्पट जाड होतं आणि मडगार्डमध्ये फिरेनासं होतं. पुढचं मडगार्ड उंच लावलं तेव्हा कुठे सुटका झाली. मागचा ड्रम ओला झाला की दोन-तीन वेळा दाबून सुकवल्याशिवाय भरवसा नाही.

उड्या मारायच्या असतील तर ही गाडी नको. फ्रेम रस्त्याचीच आहे, मी अर्ध्या फुटाच्या वर उडवत नाही आणि दर महिन्याला हेडस्टॉकजवळचे (फ्रेमला हॅन्डल जोडतो तिथले) वेल्ड कापडाने पुसून बघतो. रस्त्यावरही नेत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, म्हणून छोट्या हत्तीत टाकून शेतावर नेतो, जाऊन-येऊन 1400 रुपये, चौघात वाटून घेतो.

6 फुटांच्या आत असाल तर एवढं करायची गरज नाही, रायझर आणि सपाट सीट पुरेल. माझ्या भाच्याची उंची आताच 6 फूट 1 इंच झाली आहे, पोट्टा गेल्या रविवारी बूट घालून आला आणि न सांगता फुटरेस्टवर उभा राहिला. त्याला हॅन्डल अर्धा इंच वर पडतं, मधली एक वॉशर काढून द्यायची आहे.