निवृत्तीनंतर कुठं? कोल्हापूर, बेळगाव की गोवा

आमचे दाजी येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. कोल्हापुरातलं मंगळवार पेठेतलं घर लेकाच्या नावावर करायचं आणि आपण दोघांनी बेळगावात टिळकवाडीला नाहीतर गोव्यात म्हापशाकडं फ्लॅट घ्यायचा, असा त्यांचा बेत. रंकाळ्यावर फिरताना रोज हाच विषय. पेन्शनवरचा आयकर केंद्राचा, तिन्हीकडं सारखाच, तेव्हा तो हिशेब सुरुवातीलाच बाजूला ठेवला.

बेळगावची हवा चांगली, हे खरंच. कोल्हापूरपेक्षा उंचावर असल्यानं एप्रिलातही तिथली संध्याकाळ सुसह्य असते. अंतर एकशेदहा किलोमीटरच्या आसपास, मोठी खासगी इस्पितळं गावातच, आणि भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत मराठी चालतं. गाडं अडतं ते सरकारी काउंटरवर. लाईटबिल कानडीत, अर्जही कानडीत. साठीत हौसेनं लिपी शिकता येईल. पंचाहत्तरीत प्रत्येक कागदाला शेजारच्या पोराला हाक मारावी लागणार. शिवाय सीमाप्रश्न तापला की आधी एसटी थांबते. डिसेंबर 2022 मध्ये तेच झालं.

एसटीवरून आठवलं. माझी मावशी 77 वर्षांची. महाराष्ट्रात 75 पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट, 65 ते 75 ला अर्धं तिकीट. मावशी बेळगावला निघाली, तर कंडक्टरनं हद्दीपर्यंतचं तिकीट शून्याचं दिलं आणि कागलच्या पुढचे पैसे मागितले. म्हातारी निपाणी येईपर्यंत त्याच्याशी भांडत होती. उलट बहिणीचा पत्ता कर्नाटकातला झाला, तर जून 2023 पासूनच्या 'शक्ती' योजनेत तिला तिथल्या साध्या बसमध्ये तिकीटच नाही. दाजींना मात्र ती योजना लागू नाही, ती फक्त बायकांची.

गोव्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. जानेवारीत चार दिवस काढून घर घ्यायचं ठरवू नये, जुलैत जाऊन बघावं. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते आणि रात्री बस मिळणं अवघड. स्वतःची गाडी चालवता येते तोवर ठीक. दाजींना तिथल्या सवलतींचं फार अप्रूप. पण दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या महिन्याच्या मदतीला 15 वर्षांचं वास्तव्य लागतं, म्हणजे साठीत गेलेल्या माणसाला पंचाहत्तरीत. इस्पितळाच्या खर्चासाठीच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डालाही 5 वर्षं राहावं लागतं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात परराज्यातल्या पेशंटला पैसे मोजावे लागतात, हे सिंधुदुर्गातल्या कुणालाही विचारा. मासळी ताजी मिळते, हे मान्य.

राहिलं कोल्हापूर. इथली खोट पुराची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 आणि 2021 ला पाणी त्याच्या किती तरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि पेशंटला पुण्याला न्यायची सोय राहिली नाही. पण दाजींच्या दारात तेव्हाही पाणी आलं नव्हतं. घरापासून सीपीआर हे सरकारी इस्पितळ रिक्षानं जवळ, फॅमिली डॉक्टर तीस वर्षांचा, आणि रात्री दोनला हाक मारली तर आख्खी गल्ली गोळा होते.

म्हणून दाजींना सांगितलं, बक्षीसपत्राची घाई करू नका. घर तुमच्याच नावावर राहू द्या, लेकासाठी मृत्युपत्र करून ठेवा. जून ते सप्टेंबर टिळकवाडीत भाड्यानं राहून बघा. त्या चार महिन्यांत एकदा तरी सरकारी कामाला एकट्यानं जा, आणि एकदा रात्री डॉक्टर शोधा. जमलं, तर पुढं फ्लॅटचं बोलू. गोवा फक्त फिरायला, जानेवारीत, आठ दिवस.

दाजी अर्धे तयार आहेत. बहिणीनं मात्र एवढंच विचारलं, चार महिने माझी भिशी कोण भरणार?