कॅनियनलँड्स: व्हाइट रिमचा रस्ता की नीडल्सची पायवाट?

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआब गावी तीन-चार दिवस मुक्काम आहे आणि कॅनियनलँड्स नॅशनल पार्कच्या आत शिरायचंय, एवढं ठरलं की निवड या दोघांत होते. व्हाइट रिम रोड हा आयलंड इन द स्काय पठाराच्या खालून, कड्याला धरून फिरणारा साधारण 160 किलोमीटरचा कच्चा फेरा, गाडीने दोन ते तीन दिवसांचा. नीडल्स भागातली चेस्लर पार्कची फेरी पायी, सतरा-अठरा किलोमीटरची, एका दिवसात होणारी. नकाशावर दोन्ही जागा शेजारी दिसतात, पण मध्ये कोलोरॅडो नदीची घळ आहे आणि रस्त्याने एकीकडून दुसरीकडे जायला दोनेक तास लागतात. एकाच दिवसात दोन्हीकडे डोकावण्याचा बेत आखू नका.

बरेच जण तब्येतीवरून ठरवतात: पायी चालणं झेपत नसेल तर गाडीचा रस्ता. आमच्या मते ते उलट आहे. आधी गाडी बघा.

व्हाइट रिमला उंच गाडी आणि लो रेंज (गाडी अगदी हळू पण जोर लावून नेणारे जादा खालचे गिअर) असलेली फोर व्हील ड्राइव्हच लागते. अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत सर्रास दिसणारी सीआरव्ही किंवा रॅव्हफोर ही गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असली तरी तिला लो रेंज नसते, आणि फरक कळतो तो उतारावर. पठारावरून व्हाइट रिमकडे उतरणाऱ्या शेफर ट्रेलच्या वळणांवरून शेकडो मीटर खाली उतरताना लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी आवरून धरतं. तो गिअर नसला की पाय सतत ब्रेकवर राहतो, ब्रेक तापतात आणि खालच्या वळणांवर धरेनासे होतात. मर्फी हॉगबॅक आणि हार्डस्क्रॅबलच्या चढांवर याच्या उलट: वेग घेऊन चढायला गेलं की चाकं उसळतात, दगडावर टायरची बाजू चिरते. अशा ठिकाणी उंच दगड दोन चाकांच्या मधून काढायचा नाही, त्यावर टायर चढवायचा. मध्ये घेतला तर तो गाडीच्या पोटाला लागतो. हॉगबॅकच्या माथ्यावर समोरचं काही दिसत नाही, म्हणून आधी एकाने उतरून पुढे पाहून यावं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा इथला रिवाज.

नेहमीच्या एजन्सीची भाड्याची गाडी कच्च्या रस्त्यावर नेली की बहुतेक करारांप्रमाणे विमा गेला. मोआबमध्ये खास याच कामासाठी जीप भाड्याने मिळतात, त्या घ्या. पूर्ण मापाचा स्पेअर टायर, फावडं आणि हवा भरायचा कंप्रेसर गाडीत आहे का ते स्वतः उघडून पाहा. आत गाडी बंद पडली तर ओढून आणायचा खर्च हजार डॉलरच्या वर जातो. शक्यतो दोन गाड्यांनी जावं.

पेट्रोल आणि पाणी वाटेत कुठेच नाही. लो रेंजमध्ये गाडी नेहमीपेक्षा खूप जास्त पेट्रोल पिते. शिवाय एक अडचण लोक धरतच नाहीत. मे-जूनमध्ये बर्फ वितळून ग्रीन नदी चढली की पोटॅटो बॉटमच्या आसपास रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो, आणि मग जवळजवळ सगळा फेरा उलट्या दिशेने परत यावं लागतं. तेवढं पेट्रोल टाकीत किंवा कॅनमध्ये हवंच. पाणी माणशी दिवसाला किमान चार लिटर. चार जणांना तीन दिवसांसाठी 48 लिटर, स्वयंपाकासाठी आणखी दहा-बारा. परवाना एका दिवसाच्या फेरीलाही लागतो, मुक्कामाला तर वेगळाच, आणि वसंत व शरद ऋतूतले मुक्कामाचे परवाने फार आधी संपतात. एका दिवसात फेरा होतो खरा, पण दहा-बारा तास स्टिअरिंग धरून ठेवण्यात दरी बघायची राहून जाते.

नीडल्सला यातलं फारसं काही नाही. फेरी जिथून सुरू होते त्या एलिफंट हिलच्या पायथ्याच्या पार्किंगपर्यंत साधी कारही जाते, आणि दिवसभराच्या चालण्याला पार्कच्या प्रवेशशुल्कापलीकडे परवाना नको. याच पार्किंगपासून पुढे सुरू होणारा जीपरोड मात्र पार्कातल्या सर्वांत अवघड रस्त्यांपैकी आहे, चुकूनही त्यावर चढू नका.

इथली अडचण वाट सापडण्याची. उघड्या खडकावर पाऊलखुणा उमटत नाहीत, एकावर एक रचलेले दगड हीच खूण. पुढची रास दिसेना झाली तर मागच्या राशीपाशीच थांबा आणि तिथून चौफेर बघा. अंदाजाने पुढे गेलात तर खडक चढता येतो, उतरता येत नाही अशा जागी अडकाल. जमिनीवर काळी, खरबरीत साय दिसते ती जिवंत आहे, एका पावलाने मोडली तर भरून यायला कित्येक दशकं जातात. म्हणून वाट, खडक किंवा कोरड्या ओढ्याची वाळू एवढ्यावरच पाय ठेवावा.

जॉइंट ट्रेल हा या फेरीचा गाभा. खडकाला उभ्या चिरा पडून झालेल्या गल्ल्या, काही ठिकाणी इतक्या अरुंद की पाठपिशवी उतरवून हातात घ्यावी लागते आणि दोन्ही खांदे भिंतींना घासतात. उन्हाळ्यातही आत गारवा असतो. आभाळ भरून आलं असेल तर आत शिरू नका.

सह्याद्रीत फिरलेल्यांनी दोन सवयी मोडाव्यात. किल्ल्यावर टाकं सापडेल ही खात्री इथे नाही, चारही लिटर पाठीवर हवेत. आणि कोरड्या हवेत घाम उडून जातो, शर्ट भिजत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला प्यावं. जून ते ऑगस्ट पारा 38 अंशांच्या वर जातो, तेव्हा पहाटेच निघावं किंवा बेतच एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरला न्यावा.

एकच गाडी, तीही स्वतःची, आणि दोन दिवस असतील तर नीडल्स, यात आमच्या मनात शंका नाही. तीन दिवस, जीप, परवाना आणि सोबतीला दुसरी गाडी असेल तर व्हाइट रिम. खालून पठाराचे कडे बघत दिवसच्या दिवस जाण्याची जी मजा आहे ती पायी मिळत नाही.

भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर दोन्ही सोडा. व्हाइट रिमवर गाडी दिवसभर हेलकावते, पाठ-कंबर धरते. त्यांना पठारावरच्या मेसा आर्चला न्या, जाऊन-येऊन एक किलोमीटर. मग ग्रँड व्ह्यू पॉइंट, तिथे गाडी थेट कड्याजवळ जाते आणि व्हाइट रिमचा पांढरा काठ खाली दिसतो.