नवी पेठेतल्या दुकानदारानं मला महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊ दिलं नाही

सोलापुरात लग्नाचे, कार्यक्रमाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोरांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण मी पन्नास हजार घेऊन जे कार्ड आणायला निघालो होतो तेच कार्ड आणून माझ्या ओळखीतली दोघं अजून तिथंच अडकलीत, कार्ड नवं आणि टाईमलाईन (सॉफ्टवेअरमधली एडिटिंगची पट्टी) तशीच अडखळती.

माझं जुनं मशीन म्हणजे आय-फाईव्ह ९४००एफ प्रोसेसर, एच३१० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा लोकल एसएमपीएस (पॉवर सप्लाय). चार वर्षं ह्याच्यावर पोट भरलंय, नावं ठेवणार नाही. पण मागच्या वर्षी नवा कॅमेरा घेतला, सोनी ए७ फोर, आणि गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांची मिरवणूक पहिल्यांदा ४के, १० बिट, ४:२:२ मध्ये (म्हणजे रंगाची माहिती जास्त राखणाऱ्या सेटिंगवर) शूट केली. कारण साधं आहे. मिरवणुकीत सगळे पांढऱ्या बाराबंदीत, वरून जानेवारीचं कडक ऊन, जुन्या कॅमेऱ्यात ते पांढरं उडून जायचं आणि ८ बिट असल्यानं कलर करायला गेलं की कापडावर पट्टे दिसायचे. १० बिटमध्ये बाराबंदीच्या चुण्या न चुण्या राहतात. शूट बघून लै खूश झालो, घरी येऊन प्रीमियर ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि प्ले दाबलं, तर नंदीध्वज दोन पावलं चालतोय आणि थांबतोय, चित्र तिथंच आणि आवाज मात्र ‘हर्र बोला हर्र’ करत पुढं निघून गेलेला. प्रॉक्सी (मूळ फाईलच्या हलक्या कॉप्या) करून काम होतं हे मला माहीत आहे, पण रात्रभर प्रॉक्सी करायला लावायच्या आणि सकाळी पार्टी दारात उभी, असं सीझनमध्ये कसं जमणार?

आधी दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथं दोन मिनिटात उत्तर मिळालं, आरटीएक्स ४०६० टीआय १६ जीबी कार्ड टाका, सगळं पळेल. मी म्हणलं माझ्या एसएमपीएसला कार्डाची आठ पिनची वायरच नाही, तर त्यानं ड्रॉवरमधून साटा (हार्ड डिस्कला करंट देणारी वायर) टू आठ पिनचा कन्व्हर्टर काढून टेबलावर ठेवला. हे मी घेतलं नाही हे माझं नशीब, कारण पुढं कळलं की आठ पिनच्या कनेक्टरवर कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं आणि साटाच्या पॉवर कनेक्टरमधून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५४ वॅट देता येतात. म्हणजे तिप्पट ओझं एका बारक्या प्लगवर. माझ्या मित्राकडं असलाच कन्व्हर्टर होता, त्याचा काळा प्लास्टिकचा तुकडा एका बाजूनं वितळून पिनांना चिकटलेला मी हातात घेऊन बघितलाय, वास सुद्धा गेला नव्हता त्याचा. कृपा करून असलं काही घेऊ नका.

मग नवी पेठेतल्या ह्या दुकानात गेलो. बाहेरून काहीच नाही, अरुंद जिना, वर एक खोली, भिंतीला बॉक्स लावलेले. मालकांना सगळे अण्णाच म्हणतात. अण्णांनी बजेट विचारलं नाही, पहिला प्रश्न कॅमेरा कुठला, दुसरा प्रश्न फाईल एच.२६४ का एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायच्या दोन पद्धती), तिसरा ४:२:० का ४:२:२. मी सांगितलं एच.२६५, ४:२:२. ते म्हणाले, ‘उद्या पेनड्राईव्हवर एक क्लिप घेऊन या की, मग बोलू.’

दुसऱ्या दिवशी क्लिप नेली. अण्णांचं स्वतःचं बिलिंगचं मशीन आय-फाईव्ह १२४००, त्यात ग्राफिक्स कार्डच नाही. त्याच्यावर त्यांनी प्रीमियर उघडलं आणि माझी मिरवणुकीची क्लिप टाकली. चालली. न थांबता, पहिला नंदीध्वज फ्रेममध्ये आला, वळला आणि गेला. बाजूला टास्क मॅनेजर उघडून ठेवलेला, त्यात जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’ (फाईल उलगडायचं काम) म्हणून एक छोटा आलेख असतो, त्याच्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘हे बघा, काम हे करतंय, प्रोसेसर निवांत बसलाय.’

तर विषय असा आहे. एच.२६५ ची ४:२:२ १० बिट फाईल उलगडायचं हार्डवेअर एनव्हिडियाच्या आरटीएक्स २०, ३० आणि ४० ह्या तिन्ही सिरीजच्या कार्डांमध्ये नाहीच. तुम्ही ४०९० जरी टाकलं तरी ती फाईल प्रोसेसरच्याच अंगावर येते. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मात्र ११ व्या पिढीपासून आतल्या ग्राफिक्समध्ये ते काम करणारा भाग आहे, त्यालाच क्विक सिंक म्हणतात. आणि माझा प्रोसेसर ९४००एफ. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, म्हणजे माझ्याकडं तो रस्ताच नव्हता. आपण काय करतो, एफवाला दोन-तीन हजार स्वस्त मिळतोय, कार्ड तर लावणारच आहे, मग एफ घेतो. गेम खेळणाऱ्याला ते बरोबर आहे, एडिटिंगवाल्यानं ते दोन-तीन हजार वाचवू नयेत, हे माझं स्पष्ट मत झालंय.

मी विचारलं, मग ५० सिरीज? त्यात ४:२:२ आलंय ना? आलंय, २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० सिरीजपासून आलंय. ज्यांच्याकडं रायझन ५६०० सारखा आतलं ग्राफिक्स नसलेला चांगला प्रोसेसर आधीच आहे त्यांनी खरंच ५०६० बघावं, अण्णांनी पण हेच सांगितलं. पण माझ्याकडं खाली सहा कोर सहा थ्रेडचा २०१९ चा प्रोसेसर आणि एकच रॅमची पट्टी होती, म्हणजे मेमरी सिंगल चॅनेलवर (एकाच वाटेनं चालणारी), नुसतं कार्ड बदलून मी परत सहा महिन्यांनी त्याच जिन्यावर आलो असतो.

शेवटी घेतलं ते असं: आय-फाईव्ह १२४०० (सहा कोर, बारा थ्रेड, एफ नसलेला), डीडीआर४ वाला बी६६० बोर्ड म्हणजे जुनी रॅम फेकावी लागली नाही, तिच्या जोडीला अजून एक ८ जीबी, ६५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस आणि आरटीएक्स ३०६० १२ जीबी. बोर्ड डीडीआर४ चा का डीडीआर५ चा हे बॉक्सवर नीट वाचा, प्रोसेसर दोन्हीवर चालतो पण पट्टी एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाही. ३०६० आता जुनं कार्ड आहे, २०२१ चं, पण कलर आणि नॉइज रिडक्शनला १२ जीबी मेमरी ४के मध्ये कामाला येते आणि ८ जीबीवाल्या नव्या कार्डापेक्षा मला ती जास्त उपयोगी पडली. सगळं मिळून मी घेऊन गेलेल्या पन्नासपेक्षा साडेसहा हजार वर गेले. कार्ड मात्र आधीच्या दुकानातल्यापेक्षा लहान, आणि फरक कितीतरी मोठा.

ज्यांना जुनाच बोर्ड ठेवायचाय त्यांच्यासाठी अजून एक गोष्ट. ४०६०, ४०६० टीआय, ५०६० ह्या कार्डांचा कनेक्टर दिसायला पूर्ण लांब असला तरी लेन (डेटा जायच्या वाटा) आठच जोडलेल्या असतात, ३०६० ला सोळा. पीसीआयई म्हणजे कार्ड बसतं तो स्लॉट, त्याच्या ३.० पिढीची एक लेन सेकंदाला साधारण १ जीबी नेते, ४.० ची २ जीबी. म्हणजे जुन्या ३.० बोर्डावर आठ लेनवालं कार्ड सेकंदाला ८ जीबीवर येतं. एरवी फरक जाणवत नाही, पण कार्डाची मेमरी भरली आणि डेटा रॅममधून ये-जा करायला लागला की तिथं गचके बसतात. एच३१० वर अजून वाईट, त्या चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) स्वतःच्या लेन २.० च्या, माझी एनव्हीएमई ड्राईव्ह (वेगवान एसएसडी) बॉक्सवर लिहिलेल्या वेगाच्या निम्म्यावरच अडकायची आणि मी इतकी वर्षं ड्राईव्हलाच दोष देत होतो.

घरी आणून लावलं आणि पहिल्या रात्री टाईमलाईन परत अडखळली. खरं सांगतो, पोटात गोळा आला. रात्री साडेनऊला अण्णांना फोन केला, जेवत होते, तरी बोलले. कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटर्नल ग्राफिक्स चालू करायचं, इंटेलचा ड्रायव्हर टाकायचा, मग प्रीमियरच्या प्रेफरन्समध्ये मीडियात जाऊन हार्डवेअर डीकोडिंगला इंटेलवर टिक आहे का बघायची. तिन्ही केलं, रिस्टार्ट मारला, प्ले दाबलं, मिरवणूक चालायला लागली. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती, ती म्हणली आता बरं दिसतंय की रे. आतलं ग्राफिक्स चालू असलं तरी मॉनिटरची एचडीएमआय मात्र कार्डालाच लावा, बोर्डाच्या पोर्टवर पण चित्र येतं म्हणून चुकून तिथंच राहते.

आमचं घर पूर्व भागात, गल्लीत माग चालतात, कापसाची बारीक लव हवेतच असते. जुन्या कॅबिनेटला पुढं सबंध काच होती, अण्णांनी ती बघून जाळीचं कॅबिनेट घ्यायला सांगितलं आणि जाळीच्या आत बसणारं धुण्यासारखं फिल्टर लावून दिलं. दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढतो तेव्हा त्याच्यावर पांढरी गादी बसलेली असते. एप्रिलमध्ये बाहेर ४२-४३ असताना एक्सपोर्टला कार्ड ७४-७५ च्या वर गेलं नाही.

दुकानाच्या कमतरता पण सांगतो. गाडी लावायला जागा नाही, संध्याकाळी तर नवी पेठेत टू व्हीलर घेऊन जाऊच नका. बोर्ड त्यांच्याकडं नव्हता, पुण्याहून यायला तीन दिवस म्हणले आणि पाच लागले, त्यात माझं एक हळदीचं एडिट लांबलं. कार्ड बिघडलं तर पुण्याला पाठवावं लागेल आणि वेळ लागेल हे त्यांनी पैसे घ्यायच्या आधीच सांगितलं, बिलावर कार्डाचा, बोर्डाचा आणि एसएमपीएसचा सिरीयल नंबर लिहून दिला. ऑनलाईनपेक्षा कार्ड आठशे रुपयांनी महाग पडलं, ते मला चाललं.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. जाताना स्वतःच्या कॅमेऱ्याची, नेहमीच्या सेटिंगवरची क्लिप पेनड्राईव्हवर घेऊन जा आणि जुन्या एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो काढून न्या, तो अण्णा मागतातच.