फ्लोटवरचं जुनं पायपर कब उडवून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

दोन दिवसांत मिळून साधारण साडेचार तास फ्लोटवरच्या, म्हणजे चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे दोन लांब पोकळ डबे लावलेल्या, पायपर जे-३ कब विमानात काढले. चाकांच्या विमानाचं लायसन्स आधीपासून आहे, सीप्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान, मात्र पहिल्यांदाच. जुन्या सीप्लेनचं लोकांना एवढं वेड का असतं हे बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, हवेतली मजा आहेच, पण पैसे वसूल होतात ते पाण्यावर, आणि हे मला जायच्या आधी कोणीच नीट सांगितलं नव्हतं.

विमानाबद्दल थोडं. कब म्हणजे ते पिवळं, काळा पट्टा असलेलं, नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं दोन सीटचं विमान. एकामागे एक बसायचं, एकट्याने उडवायचं असेल तर मागच्या सीटवरून. जे-३ १९४७ पर्यंत बनत होतं, म्हणजे आज अस्सल मिळेल ते ७५ वर्षांपेक्षा जुनंच. इंजिन ६५ हॉर्सपॉवरचं, फ्लॅप (हळू उतरता यावं म्हणून पंखांच्या मागच्या कडेला असणाऱ्या झडपा) नाहीत, बॅटरी नाही, स्टार्टर नाही. पेट्रोल किती उरलंय ते बघायला टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असते, तिच्या खालच्या टोकाला बूच, ते पेट्रोलवर तरंगतं, तार खाली बसायला लागली की परत फिरायचं. बस. पहिल्यांदा बघून काळजी वाटली होती, पण अर्ध्या तासात कळलं की आत बघायला फारसं काही नसल्यामुळे नजर आपोआप बाहेर राहते आणि सीप्लेनमध्ये नजर बाहेरच हवी.

दिवसाची सुरुवात पंपाने. फ्लोट आतून कप्प्याकप्प्यांचे असतात, एक कप्पा भरला तरी बाकीचे विमान तरंगत ठेवतात, आणि नियमच असा आहे की दोन्ही फ्लोटनी मिळून विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के जास्त वजन तोललं पाहिजे. प्रत्येक कप्प्याच्या तोंडावरचं छोटं बूच काढायचं, हातपंप लावायचा आणि आत झिरपलेलं पाणी ओढून काढायचं, किती वेळा ओढावं लागलं ते मोजत. पहिल्या दिवशी डाव्या फ्लोटच्या एका कप्प्यात चार-पाच वेळा ओढल्यावर नुसती हवा यायला लागली, दुसऱ्या दिवशी त्याच कप्प्यात वीस झाले तरी पाणी येतच होतं. इन्स्ट्रक्टर मॅडम तिथेच थांबल्या, फ्लोटवर गुडघे टेकून हाताने चाचपत गेल्या, तर वरच्या झाकणाचं रबर चिरलेलं निघालं. ते बदलेपर्यंत पाऊण तास गेला आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही, उलट इथे परत यायचं हे मी तेव्हाच ठरवलं.

स्टार्टर नाही म्हणजे पंखा हाताने फिरवायचा. जमिनीवर हे समोरून करतात, इथे समोर पाणी, म्हणून उजव्या फ्लोटवर पंख्याच्या मागे उभं राहून एका हाताने विमान धरायचं आणि दुसऱ्या हाताने पातं खाली झटकायचं. हे काम मॅडमनी स्वतःकडेच ठेवलं, बरोबरच आहे. इंजिन लागलं आणि त्याच क्षणी विमान निघालं! कारण ब्रेकच नाही. चाकाच्या विमानात इंजिन चालू करून निवांत चेकलिस्ट वाचायची सवय असते, इथे ते सगळं चालता चालता करायचं. त्यात वारा विमानाचं तोंड सतत स्वतःकडे वळवत असतो, आपण फ्लोटच्या मागच्या छोट्या वॉटर रडरने, म्हणजे पाण्यातल्या सुकाणूने, त्याला समजावत राहायचं. दुसऱ्या दिवशी वारा जास्त होता तेव्हा मॅडमनी इंजिन बंदच करायला लावलं आणि दार उघडं टाकून, शेपूट हवी तिकडे वळवून, वाऱ्यावर मागे मागे सरकत धक्क्याला लागायला शिकवलं. शिडाच्या होडीसारखं, फक्त उलटं. तो पाऊण एक तास मला अख्ख्या दोन दिवसांतला सगळ्यात आवडला.

टेकऑफला वॉटर रडर वर, स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) पोटाशी, फुल थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर. नाक वर येतं, समोरचं काही दिसत नाही, दोन्ही बाजूंनी तुषार, आणि वाटतं की हे ६५ घोडे काही उचलणार नाहीत. मग स्टिक जरा पुढे सोडली की विमान पाण्यावर चढून बसतं आणि एकदम पळायला लागतं. याला स्टेपवर येणं म्हणतात, कारण फ्लोटच्या बुडाला मध्येच एक पायरी कापलेली असते. ती कशाला, तर नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावून बघा, चमचा धारेकडे ओढला जातो, तसंच पाणी फ्लोटला धरून ठेवतं, आणि पायरीपाशी ती पकड सुटते. स्टेपवर असताना बोटभर स्टिक पुढे गेली की नाक पाण्यात खुपायला बघतं, बोटभर मागे आली की शेपटाकडून ओढ लागते, मधली जागा हाताला बरोबर लागते तेव्हा फ्लोटखालचा खडखडाट एकदम बारीक होतो. ती जागा कानाने सापडते, खरंच. पाणी फारच शांत असेल तर एका बाजूचा फ्लोट आधी उचलून घ्यायचा, मग दुसरा सुटतो.

आणि हो, शांत पाणी सोपं असतं हा माझा समज पूर्ण चुकीचा निघाला. पाणी आरशासारखं असलं की त्यात ढग दिसतात, पृष्ठभाग दिसतच नाही, आपण ५० फुटांवर आहोत की ५ हे डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे नेहमीसारखं शेवटी नाक उचलून टेकवायचं नाही. काठाच्या जवळून जायचं, काठावरच्या झाडांवरून उंचीचा अंदाज घ्यायचा, थोडी पॉवर ठेवून मिनिटाला साधारण १५० फूट या हिशोबाने उतरत राहायचं आणि वाट बघायची. कबमध्ये उतरण्याचा वेग दाखवणारा काटाही नव्हता, नाकाची जागा आणि इंजिनाचा आवाज एवढ्यावरच. पहिल्या खेपेला मी इतका वेळ वाट बघितली की आता काहीतरी चुकलंय असं वाटायला लागलं, तेवढ्यात खालून सर्रर्र असा आवाज आला. टेकल्याचा धक्का नाही, नुसता आवाज.

आता तक्रारी. आवाज प्रचंड, हेडसेट चांगलाच हवा. मागून पुढचं कमी दिसतं. दोघंही धिप्पाड असाल तर आधी वजन सांगा, फ्लोटचं वजन धरल्यावर फार काही शिल्लक राहत नाही. पाय भिजतात. लाइफ जॅकेटचं मात्र नीट ऐकून घ्या, विमान उलटलं तर आधी बाहेर पडायचं, जॅकेट नंतर फुगवायचं. आत फुगवलं तर तेच तुम्हाला आत अडकवून ठेवतं.

घरच्यांना घेऊन नुसतं फिरायचं असेल तर कबच्या नादी लागू नका, बीव्हर बघा. १९४७ मध्ये पहिल्यांदा उडालेलं कॅनडाचं विमान, ४५० हॉर्सपॉवरचं गोल नऊ सिलिंडरचं इंजिन, आणि थंडीत काम करणाऱ्या पायलटांचा विचार करून इंजिन ऑइल ओतायचं तोंड थेट कॉकपिटमध्ये दिलेलं. मी त्यात प्रवासी म्हणून बसलोय, फार दमदार विमान आहे. पण शिकायचं असेल तर कबच, आणि शक्यतो बिनचाकी फ्लोटवर. चाकं आत-बाहेर होणाऱ्या फ्लोटमध्ये चाकं बाहेर राहिली आणि तसंच पाण्यावर उतरलं तर विमान उलटतं, ती एक जास्तीची धास्ती पहिल्या धड्याला नको.

बुक करताना एक सकाळ आणि एक दुपार असं मागून घ्या. सकाळी आरसा मिळायची शक्यता जास्त, दुपारी वारा. आणि दुपारी वर गेलात की पाण्यावरच्या लांब रेघा बघा, त्या वाऱ्याच्या दिशेने पडतात, ज्या काठाकडून वारा येतो त्या काठालगत पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा असतो. मॅडमनी विचारायच्या आधी मला तो दिसला होता.