पाहुणे ठाण्यात आणि फिरायचं मुंबईत: पास, तिकिटं, सवलती यांचा माझा आठ महिन्यांचा अनुभव

आमचं घर नौपाड्यात, स्टेशन चालत दहा मिनिटं, त्यामुळे गावाकडून जो कोणी मुंबई बघायला येतो तो आमच्याकडेच उतरतो. गेल्या दिवाळीपासून आत्तापर्यंत चार वेळा पाहुणे झाले आणि चारही वेळा तिकिटांचं सगळं मीच बघितलं, प्रत्येक वेळी वेगळा प्रकार वापरून. कोणाला उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

दिवाळीत वन्सं आल्या कोल्हापूरहून, त्या, भाऊजी आणि दोन मुलं. कोणीतरी सांगितलं की लोकलचा टुरिस्ट पास मिळतो, १, ३ आणि ५ दिवसांचा, सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर तिन्ही लाइनींवर कितीही वेळा चढा उतरा. खरं आहे, मिळतो, आणि शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत चालतो. पण मी काउंटरवर उभी राहून हिशोब केला, ठाणे ते सीएसएमटी सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये, म्हणजे जाऊन येऊन ३०, आणि एका दिवसाचा पास त्याच्या दुपटीहून जास्त. आमच्यासारखं सकाळी एकदा जायचं आणि संध्याकाळी एकदा यायचं असेल तर एक दिवसाचा पास काढूच नका, साधं रिटर्न काढा. पाच दिवसांचा मात्र रोज तेवढंच फिरलं तरी जवळपास सुटतो, आणि मधे कुठे बांद्रा, बोरिवली झालं तर चांगलाच फायदा. मुलांचं म्हणाल तर पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं.

रेल्वेच्या ॲपवर लोकलचं तिकीट काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट, ही आमच्यावर गुदरलीय म्हणून सांगते. आम्ही चार मोठ्यांची तिकिटं एकाच बुकिंगमधे ह्यांच्या फोनवर काढली, चार जणांपर्यंत एकात निघतात. मग मी आणि वन्सं लेडीज डब्यात आणि हे दोघं जनरलला. मुलुंड गेलं आणि टीसी मॅडम आल्या. आमच्या हातात काहीच नाही, स्क्रीनशॉट चालत नाही, फोन पुढच्या डब्यात. वन्सं तर रडकुंडीला आल्या, आयुष्यात कधी विनातिकीट गेलेली बाई नाही ती. मॅडम बऱ्या होत्या, घाटकोपरला आमच्याबरोबर खाली उतरल्या, हे पुढून पळत आले, तिकीट दाखवलं, सुटलो. त्या दिवसापासून आमचा नियम, जो ज्या डब्यात बसणार त्याचं तिकीट त्याच्या फोनवर, नाहीतर सरळ काउंटरवरून कागदी, प्रत्येकाचं वेगळं. आणि ॲपचं पेपरलेस तिकीट रुळांच्या अगदी जवळ गेल्यावर निघत नाही, घरातून निघतानाच काढा.

आता बेस्टचा, म्हणजे मुंबईच्या बसचा, दिवसाचा पास, ७५ रुपये. मे २०२५ मधे भाडी वाढली तेव्हा हाही ६० चा ७५ झाला. साध्या बसचं कमीत कमी भाडं १०, एसीचं १२. दक्षिण मुंबईत सगळं जवळजवळच आहे, सीएसएमटी ते गेटवे, तिथून चर्चगेट, चर्चगेटवरून चौपाटी, म्हणजे बहुतेक वेळा १२ च्याच तिकिटात काम होतं, सात वेळा बसलात तर पास वसूल. आम्ही दिवसभरात पाच वेळा बसलो. कागदावर पास तोट्यातच गेला, तरी मी म्हणेन की म्हातारं माणूस बरोबर असेल तर काढाच. डिसेंबरमधे माझे आई-बाबा आलेले, आईचे गुडघे दुखतात, आणि ती एका स्टॉपसाठी बारा रुपये घालवणाऱ्यातली नाही, त्यापेक्षा लंगडत चालेल. हातात पास होता म्हणून म्हणाली पैसे तर दिलेतच ना, चल बसू. असं दोनदा झालं, आणि रात्री घरी आल्यावर पाय शेकायची वेळ आली नाही. मला त्या ७५ रुपयांचं तेवढंच पुरलं.

ज्या दिवशी एलिफंटाला जायचं त्या दिवशी मात्र कुठलाच पास काढू नका, अख्खा दिवस लाँच आणि बेटावर जातो, बसमधे दोनदाच बसता. आणि सोमवारी लेणी बंद. लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४०, पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. लाँचचं तिकीट वेगळं.

ह्यावरूनच माझी सगळ्यात मोठी तक्रार. डिसेंबरमधे मी एका खाजगी साइटवरून पाच ठिकाणांचा सवलतीचा कॉम्बो घेतला होता, भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन मुलं पण आई-बाबांबरोबर येणार होती म्हणून, १८०० रुपये गेले. त्यात एलिफंटा होतं, मुलांचे पैसे लावलेले, जिथे मुलांना तिकीटच नाही! राणीची बाग होती, ती माणशी धरलेली. आणि तारीख दिली ती बुधवारची, बुधवारी बाग बंद. फोन केला तर बदलून मिळणार नाही म्हणाले, पैसेही परत नाहीत. मला पैशापेक्षा त्या पोरांच्या तोंडाकडे बघवेना, पेंग्विन पेंग्विन करत गेटपर्यंत आलेली. गुरुवारी परत नेलं, आपले पैसे भरून.

आणि तिथे खिडकीवर कळलं की आई-वडील आणि दोन मुलं अशा चौघांचं मिळून कुटुंबाचं तिकीट १०० रुपये आहे. सुटं काढलं तर मोठे ५०-५० आणि मुलं २५-२५, म्हणजे दीडशे. स्वतःहून कोणी सांगेल असं नाही, बोर्डवर लिहिलेलं असतं, वाचायचं आणि मागायचं. ठाणेकरांना तर ही जागा फारच सोयीची, भायखळ्याला उतरायचं, बऱ्याच फास्ट गाड्या थांबतात, पूर्वेला बाहेर पडून चालत जाता येतं. ज्यांच्याकडे ठाणे-सीएसएमटी पास आहे त्यांना जायचा खर्च शून्य, मधल्या कुठल्याही स्टेशनला उतरता येतं. पोरांना सांगितलं की १८५३ मधे पहिली गाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्यालाच आली होती, तर परत येताना धाकट्याने प्रत्येक स्टेशनवर विचारलं, हे होतं का तेव्हा?

जानेवारीत भाचा आला, महिनाभर फोर्टात ट्रेनिंग. त्याला सरळ मासिक पास. नवीन पास ॲपवर काढला तर दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, पहिल्या दिवशी वेगळं तिकीट काढावं लागतं, हे विसरू नका. दादरला उतरून चर्चगेटला गेला तरी तो पास चालत नाही, पुढचं तिकीट वेगळं. कोणी तीन महिने राहणार असेल तर तिमाही घ्या, मासिकच्या २.७ पट पडतो, म्हणून मी कायम तोच काढते.

मेट्रोबद्दल थोडक्यात. आरे ते कफ परेड भुयारी लाइन ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू आहे, १० ते ७० रुपये, सायन्स सेंटरला थेट उतरता येतं, उन्हाळ्यात पाहुण्यांना फार आवडली. पण ठाण्याहून आपल्याला आधी लोकलने दादर, सीएसएमटीसारखं तिच्या जवळचं स्टेशन गाठावं लागतं. अंधेरी-दहिसर बाजूच्या 2ए आणि 7 ला अनलिमिटेड पास आहे, एक दिवस ८० आणि तीन दिवस २००, पण तो फक्त त्याच लाइनींना, पर्यटकाचं तिकडे काम कमी. मुंबई वन ॲपवर ११ सेवांची तिकिटं एकत्र निघतात, रांगा वाचतात, भाडं मात्र ज्याचं त्याचं वेगळं लागतं. सगळ्यात चालणारा एकच दिवसाचा पास आपल्याकडे हवा असं मला मनापासून वाटतं, लोकल, बेस्ट, मेट्रो आणि आपली ठाण्याची टीएमटी बस सुद्धा. बाहेरगावच्या माणसाला चार ठिकाणचे चार नियम समजावताना माझाच घसा बसतो.

मुलांबरोबर जाणार असाल तर सकाळी साडेदहानंतर निघा, ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा, तासभर लागतो पण बसायला मिळतं, आणि परतीची गाडी पाचच्या आत. मुलांची आधार कार्डं बरोबर ठेवा, वयावरून सवलत असते तिथे विचारतात.

वन्सं आता गणपतीनंतर पाच दिवसांसाठी परत येतायत. ह्यावेळी त्यांना वसईचा किल्ला बघायचाय, बोरिवलीला मावशीकडे जायचंय आणि एक दिवस सीएसएमटी, त्यामुळे पाच दिवसांचा टुरिस्ट पास काढणारे, कागदी, प्रत्येकीचा प्रत्येकीच्या पर्समधे.